विकत घेतलेल्या राघोकाकांची वंशावळ

बोईसरच्या बाजारात माझी ओळख ‘थुंकीवाल्या मॅडम’ अशी आहे. एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांची खोली सांभाळली, वाळवीशी दोन हात केले, साहेब लोकांना मोडी वाचून दाखवली, आणि म्हातारपणी नावाला चिकटलं काय, तर थुंकी! कोळंबी निवडत उभी असले की शेजारच्या गाडीवरून कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, इसमें शुगर भी निकलता है क्या?” नाही रे बाबा, शुगर निघत नाही. जे निघतं ते ऐकायची बहुतेकांची तयारी नसते.

निवृत्त झाल्यावर मी लोकांना वंशावळी काढून द्यायला लागले. आपल्याकडे माणसाला पूर्वज दोनच वेळा आठवतात: मुलाच्या जातीच्या दाखल्याला पणजोबांचा पुरावा लागला की, नाहीतर सातबाऱ्यावर नको त्या चुलत्याचं नाव दिसलं की. एरवी पणजोबांचं नाव विचारा, चांगला शिकलासवरलेला माणूस खिशातून मोबाइल काढून त्यात बघायला लागतो.

काम तसं सरळ असतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, शाळेची रजिस्टरं, फेरफार, तीर्थाच्या ठिकाणच्या उपाध्यायांच्या चोपड्या, असं एकेक पिढी मागे जायचं. चार-पाच पिढ्यांनी वाट संपते. वही फाटलेली असते, पान भिजलेलं असतं, नाहीतर आडनावाच्या जागी नुसतं ‘लख्या वल्द राम्या’ आणि त्याच गावात लख्ये सहा. इथं मी हात टेकले की घरचे मला धीर देतात, “मॅडम, तुम्हीच घाला ना एखादं चांगलंसं नाव!”

अशा अडलेल्या जागी डीएनए तपासणी कामाला येते. कंपनी एक नळी पाठवते. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू नाही, मशेरी नाही, आणि मग नळीत खुणेच्या रेघेपर्यंत थुंकायचं. कंपनी तुमचा डीएनए इतरांच्या डीएनएशी ताडून बघते. दोघांत जितका जास्त भाग सारखा, तितकं नातं जवळचं. सख्खं, सावत्र, चुलत, लांबचं, एवढं कळतं. नाव कळत नाही, गाव कळत नाही. त्यासाठी पुन्हा कागदच उपसावे लागतात. म्हणजे यंत्र बोट दाखवतं, पायपीट माझीच.

पण लोकांना वाटतं, नळीत थुंकलं की थेट सिंहासन हाती येतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातले मोठे साहेब माझ्याकडे आले होते. मूळचे घाटावरचे. त्यांचा पणजोबापर्यंतचा कागद मिळाला, पुढे भिंत. पण साहेबांची खात्री होती की भिंतीपलीकडे कुणीतरी सरदार उभा आहे. “आमच्या दिवाणखान्यात तलवार आहे,” ते म्हणाले. “कुठून आली?” मी विचारलं. ते घसा खाकरायला लागले तेवढ्यात त्यांच्या बायकोने सांगून टाकलं, “ठाण्याच्या प्रदर्शनातून.” महिन्या-दीड महिन्यांनी अहवाल आला. मूळ प्रदेश: दक्षिण आशिया, शंभर टक्के. साहेब भडकले. “दक्षिण? अहो, आम्ही दक्षिणेकडचे नाही!” मी म्हटलं, “साहेब, अख्खा हिंदुस्थान त्यात येतो. तुम्ही, मी, तुमचा वॉचमन, सगळे.” वॉचमनचं नाव काढायला नको होतं, पण जीभ माझी. त्यातून एक लांबचा भाऊही सापडला. नालासोपाऱ्यात गिरणी चालवतो, पिठाची. सरदारांनी त्याला अजून फोन केलेला नाही.

असल्या लोकांना हसण्यात माझे दिवस मजेत चालले होते. मग राघोकाका आले, आणि सगळ्यात हसण्याजोगी मीच ठरले.

(नावं बदलली आहेत. घरच्यांना विचारून लिहिते आहे.)

राघोकाका शिरगावच्या बाजूचे, किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतले. वय ऐंशीच्या वर. सगळा जन्म होडीवर गेला, शेवटची वीस वर्षं तांडेल म्हणून, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालायची. सोबत त्यांची धाकटी बहीण मथूबाय. तिचा जन्म सुकी मासळी विकण्यात गेला, त्यामुळे तिला हळू बोलता येत नाही.

खुर्चीवर बसायच्या आधीच काका म्हणाले, “बाय, माझी आय शोधून द्या.”

“काका, तुम्हीच ऐंशीच्या पुढचे. आई आता कुठून...”

“मेली असंल तरी चालंल. नाव पायजे.” मग मथूबायकडे बोट दाखवून म्हणाले, “हिची आय ती माझी आय नाय. मला विकत घेतलेला हाय.”

गोष्ट अशी होती. ज्या जानकीबायने त्यांना वाढवलं, ती आयुष्यभर सांगत आली, ‘याला मी मनोरकडच्या मोळीवालीकडून सुपभर जवळा देऊन घेतला.’ जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी. विहिरीवर सांगायची, बाजारात सांगायची, राघोच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं. कुणी म्हणालं, ‘जानके, पोर गुणाचा निघाला गो,’ की ही फटकन म्हणायची, ‘माझा कुठला? विकतचा हाय.’

“मला मांडीवर घ्यायची,” मथूबाय म्हणाली. “याला कवा नाय. पण मासळीचा मधला तुकडा यालाच वाढायची, ते पण सांगते.”

“तुकडा वाढायची,” काका म्हणाले. “गड्याला पण वाढतात.”

खरं दुखणं पुढचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी जानकीबाय गेली. जाताना चारचौघांसमोर म्हणाली, ‘अग्नी राघोनं द्यायचा नाय. तो माझा नाय.’ तिच्या शब्दाप्रमाणे पुतण्याने अग्नी दिला. राघोकाकांनी खांदा दिला आणि मग दहा हात मागे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून दर सर्वपित्रीला त्यांच्या घरात बापाच्या नावाने पान ठेवतात, आईच्या नावाने नाही. कुणाच्या नावाने ठेवणार?

“मरायच्या आधी एकदा माझ्या आयच्या नावानं पान ठेवायचं हाय,” ते म्हणाले. “एवढंच काम हाय, बाय.”

मी कामाला लागले. गावच्या जन्माच्या वहीत राघोची नोंद नव्हती. शाळेच्या रजिस्टरात मात्र नाव सापडलं, बापाचं नाव लागलेलं, आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळच्या मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘मुलगा विकत घेतलेला.’ मी तर उडालेच! शाई जागच्या जागी, सही जागच्या जागी. मी नोकरीभर लोकांना ऐकवत आले होते की माणसं खोटं बोलतात, कागद बोलत नाही. आता माझा लाडका कागदच म्हणत होता की पोर विकतचं आहे. मग आणखी काय पाहिजे? मी मोळीवालीच्या मागे लागले.

चार महिने मनोरच्या फेऱ्या मारल्या. एसटीने जायचं, पाड्यापाड्यांतून म्हातारी माणसं गाठायची, विचारायचं की ऐंशी वर्षांपूर्वी किनाऱ्याकडे मोळ्या विकायला कोण जायचं. एक म्हातारे आजोबा माझ्याकडे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. “बाई, तवा समद्याच जायच्या,” ते म्हणाले. मला नाव हवं होतं आणि मिळत होतं पाणी, गूळ आणि वाटेला लावणं. वाट संपली होती.

राहता राहिली नळी. काकांच्या थुंकीतून एखादा लांबचा नातेवाईक सापडेल, त्याच्या कागदांवरून मोळीवालीचं घर निघेल, असा माझा हिशेब. दिवाळीची सवलत चालू होती, एका नळीवर दुसरी फुकट. दुसरी नळी मथूबायने बळकावली. “फुकट हाय तर माझी पण बघा. शुगर कळंल.” मी समजावलं, पण फुकटची वस्तू परत करणारी बाई ती नव्हे.

थुंकायचा कार्यक्रम माझ्या घरी झाला. मथूबायने अर्धा तास मशेरीशिवाय काढला आणि त्या अर्ध्या तासात मला, कंपनीला आणि सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. तिची नळी पटकन भरली. काकांच्या तोंडाला कोरड. मी कैरीचं नाव घेतलं, चिंचेचं घेतलं, काही उपयोग नाही. तेवढ्यात मथूबाय म्हणाली, “दादा, नाय जमत तर दे इकडं. तुझी पण मी भरते.”

“खबरदार!” मी ओरडले. शेवटी थेंबाथेंबाने काकांची नळी भरली.

इकडे वस्तीत ही बातमी पोचली आणि जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांना नवीन विषय मिळाला. त्यांचा निकाल आधीच लागला होता: राघो मोळीवालीचाच, पण बाप घरचाच. म्हणून तर बायको त्याला आयुष्यभर ‘माझा नाय’ म्हणत आली. हे बोलताना त्यांना जो आनंद होत होता तो बघण्यासारखा होता. त्या बिचाऱ्या बापाला जाऊन साठ वर्षं झाली होती, पण त्याची बदनामी करायला अजून सगळ्यांच्या अंगात ताकद होती.

अहवाल आला. राघो आणि मथू, पूर्ण सख्खी भावंडं.

सावत्र नव्हे. बाप एक आणि आया दोन असत्या तर सारखा भाग बराच कमी दिसला असता. हा आकडा सख्ख्यांचाच होता. आई तीच, बाप तोच.

मी काय करावं? मी मथूबायला फोन लावला आणि विचारलं, “खरं सांग, तू काकांच्या नळीत थुंकलीस ना?”

आता मला पक्कं माहीत होतं की दोन्ही नळ्यांत एकाच माणसाची थुंकी असती तर ‘भावंडं’ असं आलंच नसतं, ‘एकच व्यक्ती’ असं आलं असतं, आणि बाई-पुरुषाचाही घोळ कळला असता. हे मीच लोकांना समजावते. तरी मी त्या म्हातारीवर आळ घेतला, कारण माझ्या रजिस्टरात वेगळं लिहिलं होतं. मथूबायने फोनवर मला जे सुनावलं ते छापता येणार नाही. पदरचे पैसे घालून मी दोन नळ्या पुन्हा मागवल्या, दोघांना दोन खोल्यांत बसवलं आणि पोलिसासारखी मधे उभी राहिले. दुसरा अहवालही तोच.

त्याच आठवड्यात कराडहून माझे दीर आले. त्यांचं नाव दगडू. सासूबाईंची दोन मुलं पाठोपाठ गेली, म्हणून यांच्या जन्मानंतर नाक टोचलं, नाव दगडू ठेवलं आणि पसाभर धान्याला शेजारणीला विकून परत विकत घेतलं. मृत्यू दाराशी आला तर त्याला वाटावं, हे पोर हिचं नाहीच, याला नेऊन हिचं काय जाणार? लग्न झाल्यापासून ही गोष्ट मी सासूबाईंच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. दिरांना चहा देताना त्यांच्या नाकपुडीवरची ती जुनी खूण दिसली आणि माझा हात तसाच राहिला. राघोकाकांच्या डाव्या नाकपुडीवर तस्सं टोचल्याचं भोक होतं. मी ते पहिल्या दिवशी पाहिलं होतं. मला वाटलं, मासेमारीत गळबिळ लागला असेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघर गाठलं आणि मृत्यूची वही मागितली. ही वही मी उघडलीच नव्हती. मी जन्म शोधत होते, मरणाकडे कशाला बघू? जानकीबायच्या घरच्या तीन नोंदी होत्या, तीन वर्षांत तीन. मुलगा, चार महिने. मुलगा, अकरा दिवस. मुलगा, नाव ठेवलेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीचा राघो. त्याची जन्मनोंद नव्हती कारण तिने ती होऊच दिली नसणार. आणि शाळेत घालताना तिने मास्तरांनाही ठणकावून तेच सांगितलं असणार. मास्तर बाहेरचे, त्यांनी इमानेइतबारे लिहून घेतलं. ऐंशी वर्षांनी एका शहाण्या बाईने ते वाचून मनोरच्या चार महिने फेऱ्या मारल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतीच्या रिक्षात मी मोठ्याने “मूर्ख!” म्हणाले आणि रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “मेरे को बोला क्या?”

बाकीच्या बाया पोर पाच-सात वर्षांचं झालं, पायांवर घट्ट उभं राहिलं की हे सोंग सोडतात. जानकीबायने सोडलंच नाही.

दुपारची मी काकांच्या ओट्यावर जाऊन बसले. समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते. मथूबायला बोलावून घेतलं आणि दोघांना सगळं वाचून दाखवलं, अहवाल आणि वहीतल्या तिन्ही नोंदी. मथूबायने कपाळावर हात मारला. “आय गे! म्हंजे हा माझा सख्खा दादा?”

काका म्हणाले, “तीच?”

“तीच, काका. जानकीबायच तुमची आई. तुम्हाला पोटातून जन्म दिलेली.”

“मंग अग्नी माझा होता?”

“तुमचाच होता,” मी म्हटलं.

आणि तो एवढा मोठा तांडेल, वादळातून होडी आणलेला माणूस, हमसून हमसून रडायला लागला. रडता रडता आईला शिव्या. “खोटारडी! मरताना तरी सांगायचं! सगळ्या गावासमोर मला मागं उभा केला. चाळीस वर्षं मी तिच्यावर रागावलो गो, मथू. तिच्या नावानं पान नाय ठेवलं मी!”

मथूबाय त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. एकदम थांबली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला.

“दादा, तू त्या दिवशी बाहेर गेलास ना, मंग तिनं मला जवळ बोलावली. बोलली, राघोला दूर उभा कर. माझा धूर पण लागू देऊ नको त्याला. मला वाटलं, राग हाय तिचा. एवढा राग! म्हणून मी तुला कवा सांगितलं नाय.”

काकांचं रडणं थांबलं. मृत्यू घरात आलेला होता, तिच्या उशाशी बसलेला होता, आणि तशातही म्हातारी त्याला शेवटची थाप मारत होती की तो दारात उभा आहे ना, तो माझा नाही. पंचेचाळीसच्या आसपासचा, नातवंडं झालेला तो घोडा तिला अजून चार महिन्यांचाच दिसत होता.

वंशावळीचा कागद मी पिशवीतून काढला. जानकीबायच्या खाली ‘मुलगा राघो’ लिहायला पेन टेकवलं, तर काकांनी माझा हात धरला.

“नको. विकत घेतलेलाच लिवा.”

“अहो काका, पण आता तर...”

“तिनं सांगितलं नाय म्हणून तर मी एवढा जगलो. आता तुमी कशाला बोंब मारता? मी गेल्यावर लिवा.”

मी त्यांच्याशी वाद घालायला हवा होता. विज्ञान, पुरावा, दोन दोन अहवाल. एरवी मी कुणाला सोडत नाही. पण मी निमूटपणे ‘विकत घेतलेला’ असं लिहिलं. जाणूनबुजून खोटी नोंद करण्याची माझी ती पहिली वेळ.

त्या सर्वपित्रीला राघोकाकांनी दोन पानं ठेवली. जाळी विणणाऱ्यांपैकी एकाने कुंपणावरून विचारलंच, “राघो, दुसरं कुणाचं रे?” काका ठसक्यात म्हणाले, “जिनं मला विकत घेतला तिचं.” मथूबायने मला हे फोनवर सांगितलं, इतक्या मोठ्याने की फोनची गरज नव्हती.

काका यंदा वैशाखात गेले, झोपेत, काही त्रास न होता. अग्नी त्यांच्या मुलाने दिला. तेरावा झाला आणि मी तो कागद पुन्हा काढला. जानकीबायच्या नावाखाली चार मुलगे आणि एक मुलगी लिहिली. पहिल्या तिघांपुढे ‘अल्पवयात मयत’ लिहितात तसं लिहिलं. चौथ्यापुढे लिहिलं, ‘राघो. आईने जगवला.’ वंशावळीत असं लिहायची पद्धत नाही. कुणाची हरकत असेल त्याने माझ्याकडे यावं.